हिरवा रंग वनमालाताईंचा

प्रांजल गुप्तेला एक खोड होती. दुसऱ्याच्या हातात काम रेंगाळलेलं तिला बघवायचं नाही. आईची चपाती जरा कुठे वाकडी व्हायला लागली की ही म्हणणार, दे इकडे. बाबा फोनवरून विजेचं बिल भरताना चष्मा कपाळावर सरकवून चाचपडायला लागले की दे इकडे. वर पुन्हा केवढे उपकार केले असं तोंड! मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीत सगळे म्हणायचे, पोरगी भारी कामाची आहे हो. होतीच कामाची, नाही कोण म्हणतंय. पण आळशी माणूस करून करून किती नुकसान करील? घोरत पडेल, एवढंच. कामसू माणूस घर उलटंपालटं करून ठेवतो आणि लोक त्यालाच शाबासकी देतात.

तर ही प्रांजल भांडुपच्या एका सकाळच्या कॉलेजात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला होती. विषय समाजशास्त्र, आणि वर्गात पहिली. त्या वर्षी क्षमा मॅडमनी शोधनिबंध लिहायला शिकवायचं मनावर घेतलं होतं. त्यांचं म्हणणं, एकेकट्याला निबंध लिहायला सांगितला की मुलं इकडून तिकडून उचलून आणतात, मार्क घेतात आणि विसरून जातात. म्हणून त्यांनी चौघाचौघांचे गट पाडले. गटाची एक फाइल, ऑनलाइन, आणि त्या फाइलमध्ये प्रत्येकाचा रंग वेगळा. एकाने लिहायचं, बाकीच्या तिघांनी वाचायचं आणि जिथे पटणार नाही तिथे आपल्या रंगात एकच शब्द टाकायचा: कशावरून? मग लिहिणाऱ्याने पुन्हा लिहायचं. मॅडम म्हणायच्या की मला पान छान नकोय, कुठला रंग आठवड्याआठवड्याला कसा बदलतो ते मला बघायचंय.

प्रांजलच्या गटात निळा तिचा, काळा सर्वेशचा, जांभळा अपूर्वाचा आणि हिरवा वनमालाताईंचा.

वनमाला घाडीगावकर म्हणजे वर्गातल्या सगळ्यांच्या ताई. वय चव्वेचाळीस, मोठा मुलगा नोकरीला लागलेला. माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं, सासरे गिरणीत होते. गिरणी गेली तसं कुटुंब भांडुपच्या टेकडीवर येऊन राहिलेलं. ताई अकरा वर्षं एका संस्थेत काम करत होत्या. वस्तीत घरोघर फिरायचं, बाळंतिणींची, लहान मुलांची चौकशी करायची. टेकडीवरच्या प्रत्येक घराचा पाढा त्यांना पाठ. पण आठवड्याचा अहवाल द्यायची वेळ आली की त्या ऑफिसातल्या मुलीसमोर बसून तोंडाने सांगायच्या आणि ती मुलगी टाइप करायची. मागे एकदा पर्यवेक्षिकेची जागा निघाली होती. तोंडी मुलाखत झकास झाली, मग दोन तास बसवून अहवाल लिहायला दिला, तिथे ताईंची वाट लागली. आता त्या जागेवरच्या बाई निवृत्त होणार होत्या आणि फेब्रुवारीत पुन्हा परीक्षा होती. अशी जागा काही दरवर्षी निघत नाही. पहिल्याच दिवशी गटात बसल्यावर ताईंनी सरळ सांगून टाकलं होतं, "मी मार्कांसाठी नाही आले हां. माझं बोललेलं आजवर दुसऱ्यांनीच लिहिलं. एकदा मला माझं माझं लिहायचंय."

प्रांजलने हे ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं, मान डोलावली होती. पुढे जे झालं त्यात मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय तिला राहिली नाही, ती यामुळे.

विषय ताईंच्याच वस्तीतला घेतला: टेकडीवरची पाण्याची वेळ आणि बायकांची कामं. ताईंनी घरोघर विचारून लिहायचं, सर्वेशने नकाशा आणि नळांची माहिती, अपूर्वाने आधी झालेला अभ्यास वाचायचा, आणि प्रांजलने सगळं बांधायचं. अडचण एवढीच, की ताईंना मराठी टाइप करायला जमत नव्हतं आणि त्यांच्या फोनवर ती फाइल धड उघडत नव्हती. शिवाय गटाचा तास शुक्रवारी शेवटचा, आणि नेमकी शुक्रवारी अकराला ताईंच्या संस्थेत मीटिंग. मग मॅडमनी तोड काढली. ताईंनी गुरुवारी हाताने लिहिलेली पानं प्रांजलकडे द्यायची, प्रांजलने ती जशीच्या तशी हिरव्यात टाइप करायची, आणि गटाने टाकलेले प्रश्न ताईंना वाचून दाखवायचे. 'जशीच्या तशी' हे मॅडम दोनदा म्हणाल्या होत्या.

पहिल्या आठवड्यात प्रांजलने ते पाळलं. ताईंनी रेघांच्या वहीतल्या पानावर मोठ्या गोल अक्षरात लिहिलं होतं, पाणी पहाटे येते त्यामुळे बायकांचे फार हाल होतात, हे सर्वांना माहीतच आहे. प्रांजलने दात-ओठ खात ते टाइप केलं. मॅडमनी समासात टाकलं, सर्वांना म्हणजे कोणाला? कशावरून? आणि आपल्या गटाच्या फाइलवर असा शेरा पडलेला बघून प्रांजलच्या अंगाचा तिळपापड झाला. जणू तिलाच कोणी नापास केलं होतं.

दुसऱ्या गुरुवारी ताईंनी चार पानं दिली. प्रांजल टाइप करायला बसली, आणि तिसऱ्या ओळीला तिचे हात आपोआप वेगळंच टाइप करायला लागले. वाक्य तेवढं नीट करू या. मग परिच्छेदाची सुरुवात. मग म्हटलं, आता अर्धवट ठेवण्यात काय अर्थ आहे? तासाभरात हिरवा रंग असा काही झळकायला लागला, की मॅडमनी लिहिलं, वा, ताई, मोठी उडी मारलीत. प्रांजलला ते वाचून गुदगुल्या झाल्या. आपली स्तुती दुसऱ्याच्या नावाने ऐकण्यातही एक मजा असते, चोरून चिंच खाल्ल्यासारखी.

त्यानंतर तिने पानं वाचणंच सोडलं. किती घरं, किती बायका, पाणी किती वाजता, एवढे आकडे वरवर बघून उचलायची आणि बाकी सगळं मनाचं लिहायची. पानं टेबलाच्या खणात टाकायची. गटाच्या तासाला सर्वेशने एकदा विचारलंच, हे वनमालाताईंनी असं लिहिलं? प्रांजल म्हणाली, त्यांचंच आहे रे, मी फक्त जरा नीट केलंय. सर्वेश म्हणाला, जाऊ दे ना यार, आपल्याला मार्कांशी मतलब. अपूर्वाने वर बघितलंही नाही. मॅडमचे प्रश्न ताईंना वाचून दाखवायचे होते, तेही राहिलं. दर सोमवारी ताई जिन्यात गाठून विचारायच्या, काय गो, काय म्हणाल्या मॅडम? प्रांजल म्हणायची, छान म्हणाल्या ताई, मस्त चाललंय तुमचं. ताईंचा चेहरा असा खुलायचा, की प्रांजलला आपण काहीतरी पुण्याचंच करतोय असं वाटायचं.

वर्गातही मॅडम ताईंना म्हणायच्या, ताई, तुमच्या गेल्या आठवड्याच्या पानाने माझा दिवस चांगला गेला. ताईंना काय कळणार, कुठलं पान ते? त्यांना वाटायचं, आपलंच. त्यांनी त्या भरवशावर संस्थेत परीक्षेसाठी नाव दिलं. मुलाला सांगितलं, घरात सगळ्यांना सांगितलं. या खेपेला मला लिहिता येतंय, असं सांगितलं.

सहा आठवडे असं चाललं.

जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारी सगळ्या गटांचं सादरीकरण होतं. शनिवारी ताईंना सुटी. त्या ठेवणीतली साडी नेसून पहिल्या बाकावर येऊन बसल्या होत्या. प्रांजलचा गट शेवटी आला. बाकीच्या तिघांचं बोलून झालं, ताईंची पाळी यायची होती, तेवढ्यात मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, मला सगळ्या वर्गाला एक गोष्ट दाखवायची आहे. त्यांनी पडद्यावर ताईंचा पहिल्या आठवड्याचा हिरवा परिच्छेद लावला आणि त्याच्या खाली सहाव्या आठवड्याचा.

मग त्यांनी खालचा मोठ्याने वाचला. 'टेकडीवरील वस्तीत पाण्याची वेळ ही स्त्रियांच्या अर्थार्जनाच्या शक्यता ठरवणारा निर्णायक घटक असल्याचे मुलाखतींवरून दिसते. चौदापैकी नऊ स्त्रियांनी पाण्याच्या वेळेमुळे सकाळचे काम सोडले आहे.' वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. त्या खरोखर भारावल्या होत्या. त्या म्हणाल्या, गटात शिकणं कशाला म्हणतात ते हे. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

प्रांजलने बघितलं, ताई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या. आधी त्यांना वाटलं असावं की पान चुकलं. त्यांनी वरच्या कोपऱ्यातलं नाव वाचलं, मग पुन्हा खाली आल्या. ओठ हलत होते. 'अर्थार्जनाच्या' या शब्दावर ओठ अडले, मागे आले, पुन्हा अडले.

मॅडम म्हणाल्या, ताई, पुढे या आणि आम्हाला सांगा, या वाक्यापासून त्या वाक्यापर्यंत तुम्ही कशा पोहोचलात? ताई उठल्या. पदर सावरला. वर्गाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. टेकडीवरच्या दोनशे घरांत कुणाच्याही उंबऱ्यावर बसून तासभर बोलणारी बाई, तिच्या तोंडून शब्द फुटेना. मागच्या बाकांवर कोणीतरी खुदकन हसलं. मॅडम म्हणाल्या, लाजू नका, जसं सुचेल तसं सांगा.

"मॅडम, मला नाही सांगता येणार," ताई म्हणाल्या.

आता उठायचं होतं. आता, या क्षणी. प्रांजलला ते कळत होतं. एवढं सरळ काही तिला आयुष्यात कधी कळलं नव्हतं. उठून म्हणायचं, मॅडम, ते मी लिहिलंय. तीन-चार शब्दांचं काम. एरवी कुणाच्याही हातातलं काम झडप घालून घेणारी ही पोरगी, आणि आत्ता बाकाच्या फळीला चिकटून बसली. समोर मॅडम, मागे साठ पोरं, शेजारी सर्वेश मान खाली घालून नखं बघतोय. ती उठली नाही. ताई आपल्या जागेवर येऊन बसल्या. तिच्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही, आणि मॅडमनी विषय बदलला.

तास सुटल्यावर ताई कँटीनच्या बाहेर, पाण्याच्या टाकीपाशी उभ्या होत्या. प्रांजल समोर गेली. ताईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी फक्त विचारलं, माझी पानं कुठे आहेत? प्रांजल म्हणाली, घरी, खणात. ताई म्हणाल्या, सोमवारी घेऊन ये.

मग जाता जाता थांबल्या. "माका सांगूक व्हयां होतंस गो," त्या म्हणाल्या. "वाईट लिहिलंय म्हणून तोंडावर सांगायचं होतंस. मी कुठे रडणार होते?"

प्रांजल घरी आली ती सरळ खोलीत. आई जेवायला हाक मारत होती. तिने खण उघडला आणि सत्तावीस पानं बाहेर काढली, आठवड्याच्या क्रमाने लावली आणि पहिल्यांदा वाचायला बसली.

दुसऱ्या आठवड्याची पानं तशीच होती, बोलल्यासारखी. तिसऱ्या आठवड्यात ताईंनी प्रत्येक बाईचं नाव काढून तिथे घर क्रमांक लिहिला होता. कोणीही न सांगता. समासात बारीक अक्षरात प्रश्न होता: प्रांजल, नावं घालू नयेत ना? तू सांग. चौथ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच स्वतःच्या ओळीखाली लिहिलं होतं, कशावरून? विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून बिचारीने आपणच विचारून घेतलं होतं. आणि दुसऱ्या दिवशीच्या तारखेने खाली उत्तर. पुन्हा समासात, हे असं चालतं का? तू काहीच खुणा करत नाहीस. पाचव्यात, इथे मला अडलंय, सोमवारी विचारते. सोमवारी त्यांनी विचारलं होतं आणि प्रांजल म्हणाली होती, मस्त चाललंय तुमचं.

सहाव्या आठवड्याचं शेवटचं पान तिने दोनदा वाचलं. तिथे लिहिलं होतं: 'मी चौदा घरी विचारले. नऊ बायकांनी सकाळचे काम सोडले आहे. मला वाटत होते की सगळ्यांनी पाण्यामुळेच सोडले. पण तसे नाही. मी परत जाऊन विचारले तेव्हा तिघींनी सांगितले की मूल लहान आहे म्हणून सोडले, पाण्याचा संबंध नाही. म्हणून पाण्यामुळे सहाच धरल्या पाहिजेत. माझे आधीचे म्हणणे चुकले होते.' आणि समासात: प्रांजल, तू नऊ लिहिलं असशील तर सहा कर हां. नऊ खोटं होईल.

नऊच लिहिलं होतं तिने. वरवर बघून उचललेला आकडा, आणि त्याला 'निर्णायक घटक' वगैरे साज चढवला होता. वर्गाने त्याला टाळ्या दिल्या होत्या. शोधनिबंध म्हणजे काय हे आख्ख्या वर्गात एका बाईला कळलं होतं, आणि तिचं पान खणात सेफ्टी पिनांच्या डबीखाली पडलं होतं. प्रांजलचे कान तापले, मान तापली. कोणी बघत नसताना माणसाला लाज वाटते ती फार वाईट. तिला दार लावून घेता येत नाही. आई आत आली, रडणं बघून घाबरली. सगळं ऐकल्यावर म्हणाली, एवढंच ना? अगं, तू त्यांना मदतच केलीस की. प्रांजलला वाटलं, त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी तिने आधी मॅडमना गाठलं. स्टाफरूमच्या कोपऱ्यात उभी राहून सगळं सांगितलं आणि ती सत्तावीस पानं समोर ठेवली. मॅडम ओरडतील असं तिने धरलं होतं. त्यांनी पानं शेवटपर्यंत वाचली आणि खाली ठेवली. मग म्हणाल्या की चूक माझीही आहे. मी रंग बघत बसले, कागद एकदाही मागितला नाही. त्यांचाही चेहरा उतरला होता. प्रांजल म्हणाली, मी वर्गासमोर सांगते. मॅडम म्हणाल्या, ते तू ठरवायचं नाहीस, ताईंना विचार.

ताईंनी साफ नाही म्हटलं. पानं घडी घालून पिशवीत ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "आता वर्गाला सांगून काय करशील? तुझं मन हलकं होईल. मी परत त्यांच्यासमोर कोण ठरणार? जिचं दुसरी लिहून देते, तीच ना?"

मॅडमनी नऊचे सहा करून घेतले, प्रांजलचे मार्क कापले. पण कापूनही ती गटात पहिलीच राहिली. वर्गातली पोरं जिन्यात म्हणायची, काय प्रांजल, ताईंना पार तयार केलंस की! ती हसल्यासारखं करायची. ही शिक्षा मॅडमना सुचली नसती. ताईंनीही शिक्षा म्हणून दिली नव्हती, म्हणून तिच्यातून सुटकाही नव्हती.

परीक्षेला नऊ दिवस होते. प्रांजलने ताईंचे पाय धरायचेच बाकी ठेवले. म्हणाली, रोज एक तास मी बसते, एक अक्षर लिहिणार नाही, फक्त वाचीन. ताई स्वभावाने अढी धरणाऱ्या नव्हत्या, आणि वेळही थोडा होता. लायब्ररीच्या मागच्या टेबलावर दोघी बसायला लागल्या. प्रांजल हात मांडीखाली दाबून बसायची.

पण काहीतरी बिघडलं होतं. खणातल्या पानांवर जी बाई झरझरा लिहीत होती, ती आता एक ओळ लिहायची आणि प्रांजलच्या तोंडाकडे बघायची. असं चालेल? प्रांजल म्हणायची, चालेल ताई, छान आहे, पुढे लिहा. ताई खोडायच्या. तू कसं लिहिलं असतंस? नको ताई, तुमचंच बरोबर आहे. ताई मान हलवायच्या. 'छान आहे' हे शब्द प्रांजलच्या तोंडून त्यांनी सहा आठवडे ऐकले होते. आता त्यांची किंमत त्यांना ठाऊक होती. कितीही खरं सांगितलं तरी ते त्याच जुन्या आवाजात यायचं. एकदा त्यांनी पूर्ण परिच्छेद लिहिला, सुरेख लिहिला, आणि मग वर 'अर्थार्जन' हा शब्द कोंबायला जागा शोधत बसल्या. प्रांजलने सांगून बघितलं की त्याची काही गरज नाही. ताई म्हणाल्या, मग तू कशाला घातला होतास? टाळ्या त्यालाच पडल्या ना?

सहाव्या दिवशी ताई आल्या नाहीत. घरी सासू आजारी आहे असा निरोप आला.

परीक्षा झाली. आठवड्याने कळलं की तोंडी मुलाखतीत ताई सगळ्यांत पुढे होत्या आणि अहवाल अर्धाच लिहून दिला होता. जागा चोवीस वर्षांच्या एका मुलीला मिळाली, बाहेरून आलेल्या. तिला टेकडीवर अजून कोण कुठे राहतं ते दाखवायला ताईच सोबत फिरत होत्या. प्रांजलने भीत भीत विचारलं, काय झालं पेपरात? ताईंनी सांगितलं, शांतपणे, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तशी. सुरुवात केली होती गो बरी. मग मध्येच पडद्यावरचं ते तुझं डोळ्यांसमोर आलं, आणि मी लिहिलेलं मला खुळ्यासारखं वाटायला लागलं. खोडत बसले, वेळ संपला.

मार्चमधली गोष्ट. शुक्रवारी दहाच्या सुमाराला ताई तिला शोधत लायब्ररीत आल्या. घाई दिसत होती. संस्थेतल्या त्या नव्या मॅडमना म्हणे आठवड्याचा अहवाल अकराच्या मीटिंगला लेखी हवा, आणि ऑफिसातली टाइप करणारी मुलगी रजेवर. ताईंनी समोर खुर्ची ओढली, पिशवीतून कोरा कागद काढून टेबलावर ठेवला. "मी सांगते, तू पटकन लिहून दे बघू."

प्रांजल म्हणाली, ताई, तुम्ही लिहा, तुम्हाला येतं, मी इथेच बसते. ताईंनी कौतुकाने तिच्या हातावर थाप मारली आणि म्हणाल्या, कशाला गो वेळ घालवायचा, तुझा हात चालतो. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, रागाचा लवलेशही नव्हता. असता तर प्रांजलने तो आनंदाने सोसला असता.

घड्याळात सव्वादहा वाजले होते. ताई सांगायला लागल्या आणि प्रांजल लिहायला लागली. या वेळी तिने एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. घर क्रमांक सतराच्या बाळाचं वजन वाढलं, बावीसमध्ये दोनदा जाऊनही कुलूप होतं, म्हणून त्या घराबद्दल आत्ता काही सांगता येत नाही. ताई बोलल्या तसं, त्यांच्या श्वासासकट तिने उतरवून घेतलं. पान भरलं. तिने ते सुरुवातीपासून वाचून दाखवलं आणि मान वर करून बघितलं.

ताईंचा चेहरा पडला होता. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा करून बघितला, पाठीमागे आणखी काही असेल म्हणून. मग तो तिच्यापुढे सरकवला.

"हे तर मी बोलले तेच आहे," त्या म्हणाल्या. "जरा नीट कर ना गो, तुझ्यासारखं."